काळं कुठलं, लाल कुठलं

परवा रात्री भाच्याने व्हिडिओ पाठवला. "मावशी, हे बघ, १९०२ सालचं जर्मनी, फुल कलरमध्ये!" लोखंडी कमानींना वरून लटकलेली रेल्वे, तिच्या तोंडाशी लावलेला कॅमेरा, खाली रस्ता, रस्त्यावर माणसं, दोन्ही बाजूंना घरं, आणि मधेच समोरून तशीच लटकत येणारी दुसरी गाडी. तीनदा पाहिला. मग मूळ पट शोधून काढला, आणि त्यानंतर मात्र मला गप्प बसवेना. पोस्ट लांबली आहे, पण मनापासून लिहिली आहे.

आधी गाव. आज त्याला वुपर्टाल म्हणतात. तेव्हा हे नावही नव्हतं. बार्मेन, एल्बरफेल्ड ही वेगवेगळी गावं होती आणि ती एक झाली १९२९ साली. वुपर नदीचं अरुंद खोरं, दोन्हीकडे चढ, आणि खाली कापडाच्या नि रंगाच्या कारखान्यांची दाटी. रूळ टाकायला जमीनच उरली नव्हती. खडक आणि पाणी यांमुळे भुयार खणणंही अवघड. मग कोलोनच्या ओयगेन लांगेन यांची कल्पना उचलली गेली : नदीच्या दोन्ही काठांवर तिरके पाय रोवायचे, वर एकच रूळ धरायचा आणि डबे त्याला खाली लटकवायचे. चाकं डोक्यावर, माणसं खाली. लांगेन १८९५ मध्ये गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. १ मार्च १९०१ ला गाडी लोकांसाठी सुरू झाली. एकूण १३.३ किलोमीटर, त्यातले दहाएक किलोमीटर नदीवरून, बाकीचे रस्त्यांवरून. ती आजही रोज धावते. तिथले लोक तिच्यातून कामावर जातात, जसे आपण लोकलने जातो.

आता त्या पटाकडे येते. भाच्याला वाटलं, ही सगळी कमाल एआयची. तसं नाही, आणि मला हेच सांगायचंय.

माझे वडील, आमचे दादा, तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मी शाळेतून थेट केबिनमध्ये जायची. प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा तो वास अजून नाकात आहे. पट्टी तुटली की दादा दोन्ही टोकं ब्लेडने खरवडायचे, सिमेंट लावायचे आणि दाबून धरून मनात वीस आकडे मोजायचे. कापलेले तुकडे एका बिस्किटाच्या डब्यात जमायचे, ते माझे. पस्तीस मिलिमीटरची ती पट्टी माझ्या दोन बोटांवर मावायची, आणि त्यातलं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं.

लटकत्या रेल्वेचा पट ज्या पट्टीवर घेतला ती ६८ मिलिमीटर रुंद होती. बायोग्राफ या त्या काळच्या चित्रपट कंपनीची पद्धत. एडिसनच्या पेटंटमध्ये अडकायचं नव्हतं म्हणून त्यांनी पट्टीच वेगळी केली : कडेला तयार भोकं नाहीत, आणि चित्राची चौकट इतकी मोठी की तिच्यात पस्तीस मिलिमीटरच्या कित्येक चौकटी बसतील. दादांच्या पट्टीशेजारी ती चार बोटं भरली असती. शिवाय चौकटींचा वेग जास्त. फ्रान्सचे लुमिएर बंधू, सिनेमाचे आद्य प्रवर्तक, सेकंदाला साधारण सोळा चौकटी घेत होते, बायोग्राफवाले तीस आणि त्याहूनही जास्त. म्हणून मूळ पटात माणसं तुरुतुरु पळत नाहीत, चालतात. खिडक्यांच्या चौकटी, कमानींचे रिव्हेट, दुकानांच्या पाट्या या सगळ्याची नोंद त्या पट्टीवर त्याच दिवशी झाली होती. नंतर कुणी ती भरलेली नाही.

आणि ती टिकली कशी? न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३९ साली अशी ३६ रिळं ताब्यात घेतली म्हणून. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, आणि अशी पट्टी पेट घेते, आकसते, चिकटते, शेवटी तिची पूड होते. कुणीतरी ती वर्षानुवर्षं थंडाव्यात ठेवली, तपासली, आणि या रुंदीची पट्टी कुठल्याच साध्या यंत्रात बसत नसताना ती स्कॅन करण्याचा खटाटोप केला. २०२० मध्ये त्यांनी हा पट यूट्यूबवर सगळ्यांसाठी ठेवला. कृष्णधवल, कडेला डाग, आणि तरीही बघताना श्वास रोखला जातो. याला मी जीर्णोद्धार म्हणेन. जे आहे ते वाचवायचं, धूळ काढायची, चित्राची थरथर थांबवायची. आपल्या मनचं काही घालायचं नाही.

त्यानंतर देनिस शिर्यायेव यांच्यासारख्या मंडळींनी हाच पट न्यूरल नेटवर्कमधून, म्हणजे एआयमधून, काढला. चित्र फुगवलं, मधल्या चौकटी रचून सेकंदाला साठ केल्या, रंग भरले. त्यांच्यावर माझा राग नाही. ते काय केलं ते उघड सांगतात, आणि माझ्या भाच्यासारखी लाखो मुलं त्यांच्यामुळे १९०२ सालापर्यंत पोचली. पण पुढे कुणीतरी तो उचलतो, वरची माहिती गळून पडते आणि उरतं 'खरंखुरं १९०२, रंगीत'. हे खरंखुरं नाही. व्हिडिओ थांबवून खालच्या माणसांचे चेहरे बघा : मेणाचे वाटतात. खांबाच्या कडा हलताना वितळल्यासारख्या होतात. या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत काय घडलं असेल, याचा तो यंत्राचा अंदाज आहे.

रंगांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, तो गावामुळे. हे गावच रंगाचं. बायर कंपनी इथल्या बार्मेनमध्ये १८६३ साली सुरू झाली ती औषधांसाठी नव्हे, कापडाच्या रंगांसाठी. कार्ल मार्क्सचा सहकारी फ्रीडरिक एंगल्सही बार्मेनचा. त्याने तरुणपणी, १८३९ मध्ये, वुपर नदी लाल वाहते असं लिहून ठेवलंय, आणि तो लाल रंग 'तुर्की लाल' नावाच्या रंगात कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचा, हेही सांगितलंय. अशा गावातल्या बायका कुठल्या रंगाचं नेसत असतील? दारांना, गाड्यांना, पाट्यांना कुठले रंग असतील?

यंत्राला यातलं काही माहीत नाही. त्याने हजारो फोटो पाहिलेत, त्यातून सरासरी काढून ते गडद कोटाला तपकिरी करतो, आकाशाला फिकट निळं. त्यात आणखी एक गोम आहे. त्या काळची फिल्म निळ्या उजेडाला संवेदनशील होती, लाल रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. कुंकवासारखा लालभडक कपडाही त्या पट्टीवर काळा उमटतो. म्हणजे तुर्की लालच्या गावात कुणी लाल नेसून रस्त्याने चाललेलं असलं, तर पटात ते काळं दिसणार आणि रंगीत व्हिडिओत तपकिरी होणार. ज्या रंगावर त्या गावाची चूल पेटत होती, नेमका तोच पुसला जाणार.

माझ्या डब्यातले तुकडे आता गुलाबी पडलेत. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रिंटचं असंच होतं. निळसर नि पिवळा रंग आधी उडतो, गुलाबी मागे राहतो. पण त्यात थोडंफार उरलेलं असतं, ते मोजता येतं, त्यावरून मूळ रंगाच्या जवळ जाता येतं. काळ्या-पांढऱ्या पट्टीत रंग मोजायला काहीच नसतं. परत आणलेला रंग आणि सुचलेला रंग यांना आपण एकच नाव देऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

हे इतकं पोटतिडकीने लिहायला आणखी एक कारण आहे. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली होती. तिची एक चौकटही आज आपल्याकडे नाही. आपले बहुतेक मूकपट असेच गेले. २००३ साली पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, त्यात किती काय गेलं. ज्यांच्याकडे पट्टीच उरली नाही, त्यांना एआय काय देणार? एआयच्या व्हिडिओला वाहवा मिळते, आणि पट्टी सांभाळणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. मला दादांची आठवण येते. इंटरव्हलला लोक बाहेर येऊन हिरोबद्दल बोलायचे, आणि दादा आत रीळ उलटं गुंडाळत असायचे.

भाच्याला मूळ पटाची लिंक पाठवली. आधी म्हणाला, "मावशी, हा तर ब्लॅक अँड व्हाइट आहे." दहा मिनिटांनी पुन्हा मेसेज : "समोरून गाडी येते तिथे थांबवून बघितलं. यात तर जास्त दिसतंय गं."

तुम्हीही तिथेच थांबवा. मग खालच्या रस्त्याकडे बघा. गडद कपड्यातली माणसं चालली आहेत. त्यातलं काळं कुठलं आणि लाल कुठलं, हे ती माणसं सोडून कुणालाच माहीत नव्हतं.