इंजिन बदललेली जुनी जीप घेऊ का?

परवा रात्री खानापूरच्या एका पोरानं फोन केला. "काका, चंदगडला एक हाय बॉनेट जीप बघून आलोय. पत्रा कुठं सडलेला नाही, टायर नवे. इंजिन तेवढं डिझेलचं बसवलंय. घेऊ का?" मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. आरसीवर इंधन काय लिहिलंय आणि इंजिन कुणी बसवलंय? दोन्हींचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. हाच प्रश्न मला वरचेवर येतो, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी ही गाडी काय आहे ते बघा. हाय बॉनेट म्हणजे विलीज कंपनीची सीजे-३बी जीप. विलीजच्या सीजे-३बी मॉडेलचं बॉनेट उंच आहे ते दिसायला बरं म्हणून नाही. १९५३ साली त्यात हरिकेन इंजिन आलं. १३४ घन इंचाचं, म्हणजे साधारण २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. महिंद्रानं हीच गाडी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. म्हणजे त्या गाडीचा चेहराच त्या इंजिनापायी घडलाय. ते काढून दुसरं बसवलं की वाहन तेच राहत नाही, हे घेणाऱ्यानं मनात पक्कं धरावं.

तरी इंजिन बदलणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या भागात या जीपा वडापला, म्हणजे माणसं भरून भाड्यानं न्यायला, धावल्या. बाजाराच्या दिवशी आत जेवढी माणसं तेवढीच मागं लोंबकळणारी. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती, पेट्रोलवर वडाप परवडणारच नव्हतं. मग कुणी महिंद्राच्याच एमएम ५४० जीपमधलं प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घातलं, कुणी महिंद्राचं डीआय हे डिझेल इंजिन. घरं चालली त्यावर. पण ते काम भाड्याच्या हिशोबानं, घाईत, मिळेल त्या सामानात झालेलं असतं. २०१४ साली डिझेलचे भाव खुले झाले आणि ती जुनी तफावत आता राहिली नाही. आज शौकानं जीप घेणारा जे विकत घेतो, ती त्या काळातली तडजोड असते. तिची किंमत त्यानं मूळ इंजिनाच्या जीपएवढी का मोजावी?

आता यांत्रिक बाजू. विकणारा तुम्हाला इंजिन सुरू करून दाखवतो आणि "आवाज ऐका" म्हणतो. इंजिन चांगलंच असेल. बिघाड असतो तो सांध्यात. डिझेल इंजिन आणि जुना तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स यांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये दोन्हींना जोडणारी अडॅप्टर प्लेट लेथवर करून घालतात. त्या प्लेटचा मध्य क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मध्याशी जुळला पाहिजे. फरक पाच थाऊच्या आत हवा, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पाच. हे डोळ्यांनी दिसत नाही, डायल, म्हणजे बारीक फरक मोजणारं काट्याचं घड्याळ, लावूनच कळतं.

माझी पहिली जीप निपाणीकडची. घेतली तेव्हा लोण्यासारखी चालायची. चार महिन्यांत गिअरबॉक्सच्या तोंडाचं बेअरिंग गेलं. नवं घातलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा उद्यमबागेतल्या एका लेथवाल्या मामांनी क्रँकला डायल लावून तो बेल हाउसिंगवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या आवरणावर, फिरवून बघितला. काटा वीस थाऊच्या पुढं गेला. मामा म्हणाले, "अरे, बेअरिंग काय करील? शाफ्टच तिरका चाललाय की." नवी प्लेट मामांनी दोन दिवस बसून केली आणि त्यानंतर त्या गिअरबॉक्सला मी हात लावलेला नाही. आपल्या बेळगावात अशी माणसं आहेत हे आपलं भाग्य आहे. फाउंड्री आणि मशीन शॉपचं हे गाव, थाऊमध्ये बोलणारी माणसं इथं गल्लोगल्ली सापडतात. गाडी घेण्याआधी त्यांच्याकडे जा, नंतर तर जावंच लागतं.

गाडी चालवून बघताना दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढवा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून अचानक पाय काढा. लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर समजा, आतले दात आणि बेअरिंग खाल्लेत. क्लच दाबून धरल्यावर घरघर येते का ऐका. खाली वाकून इंजिनाचं माउंटिंग बघा. चॅसीला वेल्डिंगचे तुकडे जोडून इंजिन टांगलं असेल तर तिथं बारीक चिरा शोधा, डिझेलच्या हादऱ्यानं त्या पडतातच. इंजिन मागं सरकवलंय का तेही बघा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त ८० इंच. गिअरबॉक्स चार इंच मागं गेला तरी मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड आणि तिरका होतो, मग त्याच्या टोकांचे क्रॉस, म्हणजे सांधे, टिकत नाहीत.

फारसं कुणी न तपासणारी गोष्ट म्हणजे क्राउन-पिनियन, अॅक्सलमधली दात्यांची जोडी. मूळ रेशो ५.३८, म्हणजे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. सोळा इंची जुन्या मापाच्या टायरवर ४००० आरपीएमला ताशी शंभर किलोमीटरचा वेग निघतो. डीआय इंजिन ३००० च्या आसपासच ओरडायला लागतं, म्हणजे ७५ वर गाडी संपली. म्हणून काही जण मागचं क्राउन-पिनियन बदलतात आणि पुढचं तसंच ठेवतात. अशा गाडीला डांबरावर काही कळत नाही. जांबोटीच्या पुढं तांबड्या चिखलात फोर बाय फोर टाकलं की पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडतं आणि पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचे दात जातात. तपासायचं सोपं आहे. गिअर न्यूट्रलला, एक चाक जॅकवर, प्रोपेलर शाफ्टला खडूची खूण. चाक दोन फेरे फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा. पुढं आणि मागं आकडा एकच आला पाहिजे.

डिझेल इंजिन जड असतं. पुढचे पाटे बसलेत का बघा, आणि ब्रेक मूळचे ९ इंची ड्रम असतील तर आधी तिथं खर्च धरा. रेडिएटरची परीक्षा गावात होत नाही. चोर्ल्याचा घाट उतरून केरीपर्यंत जा आणि परत चढून या.

कागदाचं दुखणं मात्र सगळ्यात मोठं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. वॉटर पंपाच्या मागं, ब्लॉकच्या पुढच्या बाजूला हरिकेनचा इंजिन नंबर असतो. आरसीवर तो नंबर आणि 'पेट्रोल' असं इंधन, आणि बॉनेटखाली डिझेल, अशी गाडी अपघातात सापडली तर विम्यावर भरवसा ठेवू नका. आपल्याला सीमेचा फेरा आणखी वेगळा. कोल्हापूरची एमएच-०९ ची गाडी बेळगावच्या केए-२२ किंवा चिक्कोडीच्या केए-२३ ला आणायची तर तिथली एनओसी (ना हरकत दाखला), फॉर्म २८, आणि इथं पुन्हा तपासणी. त्या तपासणीत नंबर जुळला नाही की गाडी तिकडचीही राहत नाही आणि इकडचीही होत नाही. माझ्या ओळखीच्या एकाची जीप तीन वर्षं गोठ्यात उभी आहे, फक्त याच कारणानं.

'विंटेज' शब्दाला तर भुलूच नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडीच त्यात बसते. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेली बसत नाही. डिझेल घातलेली १९६५ ची जीप जुनी खरी, पण त्या नोंदणीला ती मुकते.

मग घेऊच नये का? घ्यावी की. आरसीवर डिझेलची नोंद असेल, महिंद्राच्याच गाडीतलं इंजिन असेल, बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स त्याच इंजिनाबरोबरचे असतील, तर मी बिनधास्त घेईन. प्यूजो असेल तर ग्लो प्लग, म्हणजे गार इंजिन सुरू करताना तापणारे प्लग, आणि हेडची खात्री करून. मूळ पेट्रोल इंजिन विकणाऱ्याच्या खोपटात पडलेलं असेल तर तेही व्यवहारात मागून घ्या, गंजलेलं असलं तरी.

त्या पोराला सांगितलंय, रविवारी सकाळी जाऊ. मालकाला म्हणावं, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करून ठेवू नका, गार इंजिनावरच सेल्फ मारून बघायचाय. आरसीचा फोटो आधी मागव. डायल आणि खडू मी घेऊन येतो.