कस्टम इन-इयर म्हणजे साच्यात बसवलेला इयरफोन?

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींमध्ये एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं सार असं: कस्टम इन-इयर मॉनिटर, म्हणजे स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायला कानाच्या मापाने बनवलेला इयरफोन, ही शुद्ध लूट आहे. ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले चिमुकले स्पीकर) सुटे, स्वस्तात मिळतात, त्यांवर कानाच्या मापाचं प्लास्टिक चढवतात. थ्रीडी प्रिंटर आल्यापासून हातकाम उरलेलं नाही. ड्रायव्हर जितके जास्त तितका आवाज चांगला. बाकीची कसर इक्वलायझर भरून काढतो. आणि एकदा माप दिलं की जन्माची सोय.

ड्रायव्हर सुटे मिळतात, हे खरं. नोल्स किंवा सोनिअन या कंपन्यांचे बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (चुंबकांमध्ये थरथरणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालणारे) कोणालाही विकत घेता येतात, आणि महागड्या मॉनिटरमध्येही बऱ्याचदा तेच असतात. पण म्हणून बाकीचं ‘प्लास्टिक चढवणं’ ठरत नाही. सगळ्यात नाजूक काम त्या दोन शब्दांतच लपलंय.

ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आधी ओटोस्कोपने, म्हणजे कानात पाहायच्या दिव्याच्या नळीने, कान पाहतो. मळ असेल तर तो काढल्याशिवाय माप घ्यायचं नाही. मग दोरा बांधलेला फोमचा बोळा कर्णनलिकेच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवायचा, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जात नाही. दोन भागांचं सिलिकॉन मळून सिरिंजने भरताना टोक मालात बुडालेलंच ठेवायचं, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकतो. पुढची पाचेक मिनिटं हालचाल नाही. गायकाने या वेळी दातांत साधारण 25 मिलिमीटरचा बाइट ब्लॉक (तोंड उघडं ठेवणारा ठोकळा) धरायला हवा. जबड्याचा सांधा कर्णनलिकेला लागूनच असतो. तोंड उघडलं की नलिकेचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाने दिलेल्या मापाचा मॉनिटर आरशासमोर झकास बसतो आणि स्टेजवर आ-कार लावला की फट पडून बेस गायब होतो. मग दोष ड्रायव्हरच्या माथी.

प्रिंटरचं म्हणाल तर त्याने एक टप्पा खरोखर सोपा केला. पूर्वी कानातून निघालेला सिलिकॉनचा ठसा तासून मेणात बुडवायचे, त्याचा पारदर्शक जेलमध्ये साचा काढायचे, त्यात यूव्ही ॲक्रिलिक (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं रेझिन) ओतायचे. बाहेरून थोडा वेळ प्रकाश दिला की कडेचा थर घट्ट होतो, आतलं पातळ रेझिन ओतून टाकायचं. भिंतीची जाडी प्रकाश किती सेकंद दिला यावर ठरते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून शेवटचं क्युरिंग (पूर्ण घट्ट करणं) ग्लिसरिनमध्ये. आता हे स्कॅन करून छापतात. पण कुठे तासायचं आणि नलिकेच्या भागावर कुठे किंचित भर घालायची, हा निर्णय माणूसच घेतो, फक्त सुरीऐवजी माउसने. भर कमी पडली तर गळती, जास्त झाली तर तासाभरात कान दुखतो. ठशातला बुडबुडा स्कॅनर इमानदारीने तसाच उतरवतो. ड्रायव्हर जोडणं तर आजही चिमट्याने आणि सोल्डरिंग आयर्नने होतं. टोक दोनेक सेकंदांपेक्षा जास्त टेकलं तर आतली कॉइल जाऊ शकते.

ड्रायव्हरच्या संख्येवर फार शब्द खर्चायला नकोत. 1991 पासूनचा एटिमोटिक कंपनीचा ईआर-4 इयरफोन कानाला एकच ड्रायव्हर घेऊन आला, आणि आजही तुलनेला काढला जातो. ड्रायव्हर वाढले की दोघांनी एकाच वारंवारतेचे स्वर वाजवण्याच्या जागाही वाढतात, आणि ट्यूनिंगचं खरं काम तिथे आहे. वूफरला (खालच्या स्वरांच्या ड्रायव्हरला) लांब, बारीक नळी दिली की वरच्या पट्टीतला आवाज आपोआप दबतो. ट्वीटरची (वरच्या स्वरांच्या ड्रायव्हरची) नळी आखूड आणि तोंड मोकळं, वाटेत कपॅसिटर: 30 ओहमच्या ड्रायव्हरपुढे 1 मायक्रोफॅरॅड लावला तर कागदावर 5.3 किलोहर्ट्झला कट येतो, म्हणजे त्याखालचे स्वर दबत जातात. प्रत्यक्षात तो सरकतो, कारण या ड्रायव्हरचा ओहम वारंवारतेप्रमाणे बदलतो. नळीत बसणारे डँपर (आवाजाला रोध करणाऱ्या बारीक जाळ्या) 680 पासून 4700 अकूस्टिक ओहमपर्यंत मिळतात. हिरव्या 1500 च्या जागी लाल 2200 टाकला तर टोचणारा उंचवटा (आलेखात एखाद्या वारंवारतेला जास्त वर आलेला आवाज) खाली बसतो. नळी दोन मिलिमीटरने कापली तरी उंचवटा जागा बदलतो. प्रत्येक बदलानंतर कपलरवर (कानाच्या जागी मोजणीचा मायक्रोफोन असलेल्या नळीवर) मोजायचं, डाव्या-उजव्याचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहायचे. कपलरवर 8 किलोहर्ट्झच्या आसपास दिसणारं शिखर मॉनिटर किती आत बसवला त्यावर सरकतं, म्हणून ते दाबायला धावू नये.

आता इक्वलायझर. थोडा बेस, थोडी चमक कमी-जास्त करायला तो उत्तमच. पण दोन ड्रायव्हरची फेज उलटी लागून (एक पुढे ढकलताना दुसरा मागे ओढून) क्रॉसओव्हरवर, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याकडे जातं तिथे, खड्डा पडला असेल, तर इक्वलायझरची पट्टी वर ढकलल्याने दोघंही सारखेच वाढतात आणि एकमेकांना तसेच खोडतात. तिथे वायर उलटी जोडणं हाच इलाज. फटीतून गेलेला बेस इक्वलायझरने परत आणायला गेलात, तर आर्मेचरची पट्टी चुंबकावर आदळून आवाज फाटतो. शिवाय बेल्टपॅकचा (कमरेला लावायच्या वायरलेस रिसीव्हरचा) आउटपुट इंपीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विद्युत रोध, जास्त असला तर तोच मॉनिटर तिथे वेगळा वाजतो. मोबाइलवर जुळवलेली सेटिंग स्टेजवर फसते ती अशी.

‘जन्माची सोय’ तर नाहीच. वजन दहा किलो उतरलं तरी मॉनिटर कानात सैल पडू शकतो. अनेक निर्माते सुरुवातीच्या काही आठवड्यांत रीफिट (माप दुरुस्त करणं) फुकट करून देतात, त्या मुदतीतच तपासा. बेसचा एकच लांब स्वर लावा, तोंड पूर्ण उघडा, मॉनिटर बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर बेस वाढला तर गळती आहे. कुठल्या बाजूने दाबल्यावर वाढतो तिथे मार्करने खूण करा आणि जोडी तशीच परत पाठवा. भर नेमकी कुठे घालायची ते कारागिराला त्यावरून कळतं.