पीटर राइटच्या नावाने राजीनामे लिहू नका

‘चाळिशीपर्यंत हातात डार्ट न धरलेला पीटर राइट नोकरीला लाथ मारून खेळात उतरला, सराव न करता ४९व्या वर्षी एका झटक्यात जगज्जेता झाला. तुम्ही कशाची वाट बघताय?’ डार्ट्स म्हणजे भिंतीवरच्या गोल फळीवर छोटे बाण (डार्ट) फेकण्याचा खेळ. त्यातल्या या खेळाडूच्या रंगीत केसांच्या फोटोसकट हा मेसेज महिनाभर फिरतोय. आमच्या मावसभावाने तो बायकोला पाठवला, खाली ‘माझंही ठरलं’ असं लिहून. वहिनीचा रात्री फोन आला. मुलं शाळेत, घराचा हप्ता चालू. म्हणून हे लिहितोय.

चाळिशीपर्यंत डार्ट धरला नव्हता? १९९५ साली इंग्लंडमधल्या लेकसाइडला झालेल्या डार्ट्सच्या जागतिक स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळलं याचा तक्ता, काढून बघा. कुठेही मिळतो. पहिल्या फेरीत रिची बर्नेटसमोर नाव आहे पीटर राइटचं. राइटचा जन्म मार्च १९७० चा, म्हणजे तेव्हा तो २४ वर्षांचा होता. तो हरला, आणि बर्नेटने त्या वर्षी विजेतेपदच पटकावलं. विशीत जागतिक स्पर्धेपर्यंत पोचलेल्या माणसाला नवशिका म्हणायचं? ही एक नोंद वाचली तरी सगळा मेसेज कोसळतो.

पुढे बरीच वर्षं तो मोठ्या स्पर्धांपासून लांब होता, हे खरं. २००७ ची ग्रँड स्लॅम ही डार्ट्सची स्पर्धा टीव्हीवर बघताना त्याला जुने प्रतिस्पर्धी खेळताना दिसले आणि तो परत उतरला. म्हणजे सुरुवात नव्हे, पुनरागमन.

आता ‘एका झटक्यात’. इथे माझा संयम सुटतो, कारण राजीनामे याच शब्दावर लिहिले जातात. २००७ नंतर टीव्हीवरची पहिली मोठी स्पर्धा, यूके ओपन, त्याने जिंकली २०१७ मध्ये. जगज्जेतेपद १ जानेवारी २०२० ला. मधे २०१४ च्या जागतिक अंतिम सामन्यात मायकल व्हॅन गर्वेनने त्याला ७-४ हरवलं. २०१७ च्या डार्ट्सच्या प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात तर विजेतेपदासाठी सहा डार्ट हातात आले आणि सहाही चुकले. या खेळात ५०१ गुणांपासून वजा करत नेमकं शून्यावर यायचं असतं, आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच, म्हणजे फळीच्या कडेच्या दुप्पट गुणांच्या अरुंद पट्टीतच, लागावा लागतो. ती पट्टी जेमतेम ८ मिलिमीटरची आणि फेकायचं २.३७ मीटरवरून. सामना ११-१० ने गेला, पुन्हा व्हॅन गर्वेनकडेच. त्याच व्हॅन गर्वेनला २०२० मध्ये त्याने ७-३ हरवलं. याला झटका म्हणणाऱ्याने तेरा वर्षं मोजून दाखवावीत.

सराव नाही, हे तर उत्तर देण्याच्याही लायकीचं नाही. सारखे डार्ट बदलून बघणारा खेळाडू म्हणून तो ओळखला जातो. आणि ते केस त्याची बायको जोआन रंगवते. ती व्यवसायाने केशरचनाकार आहे. त्या केसांनी डबल लागत नाही.

एक मात्र मान्य करावं लागतं: या खेळात वय फारसं आड येत नाही. राइटने २०२२ मध्ये ५१व्या वर्षी दुसरं जगज्जेतेपद मिळवलं, फिल टेलरने तर २०१३ मध्ये ५२व्या वर्षी जिंकलं होतं. पण त्याच मंचावर २०२५ मध्ये ल्यूक लिटलर १७व्या वर्षी जिंकला, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

पैशाचंही बघा. २०२० च्या विजेत्याला ५ लाख पौंड मिळाले, हा आकडा सगळ्यांना पाठ. त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला साडेसात हजार. आणि तिथवर जायचा नेहमीचा रस्ता टूर कार्डाचा, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत खेळायच्या परवान्याचा. ते दोन वर्षांचं असतं. मुदत संपताना कमाईच्या क्रमवारीत पहिल्या ६४ मध्ये नसलात, तर क्यू-स्कूल या पात्रता स्पर्धेला जाऊन ते पुन्हा कमवायचं. तिथे महिन्याच्या एक तारखेला पगार होत नाही. वहिनीला मी हेच सगळं पाठवलंय, १९९५ च्या ड्रॉसकट.