गच्चीवरून हाळी

आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, ही बातमी सगळ्यात आधी शेजारच्या वहिनींना कळली. मग गल्लीला, मग आईला, मग मला. हबला ती शेवटपर्यंत कळली नाही, आणि ती कळावी एवढ्याचसाठी त्याला घरात आणला होता.

त्यात महिना एप्रिल. वहिनींच्या गच्चीवर वर्षाच्या चटणीची मिरची वाळत घातलेली. पाच किलो ब्याडगी आणि दोन किलो लवंगी आमच्या पाण्यानं न्हाऊन निघाली. वहिनी भांडल्या नाहीत. कठड्यावरनं वाकून एवढंच म्हणाल्या, "भावजी, आता चटणी करू, का डायरेक्ट तांबडा रस्साच?"

हा सगळा कारभार पुण्याच्या चिरंजीवांचा. दिवाळीत आला आणि टाकीत सेन्सर, खाली मोटरला स्विच, सोप्यात टीव्हीमागं हब असं बसवून गेला. टाकी भरली की सेन्सर सांगणार, हब ऐकणार, मोटर बंद होणार. "पप्पा, तुम्ही फक्त बघत बसायचं." तेवढं काम मी इमानानं केलं. ही यंत्रं आपसात ज्या भाषेत बोलतात तिचं नाव झिगबी, मधमाश्यांच्या नागमोडी नाचावरून ठेवलेलं. आमच्याकडं आल्यावर ती माशी बहुधा जिन्यातच वाट चुकत होती.

तिचाही दोष नाही म्हणा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं आजोबांच्या वेळचं घर, दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती. माजघरात लोखंडी कपाट, स्वयंपाकघरात फळीभर स्टीलचे डबे, वर पत्र्याची शेड आणि शेडखाली हजार लिटर पाणी. पत्रा लहरींना आल्या पावली परत पाठवतो आणि पाणी त्यांना पिऊनच टाकतं. घर बांधताना आजोबांनी चोरांचा विचार केला होता, झिगबीचा नाही.

मग रोज रात्री जेवणानंतर पुण्याचा फोन सुरू झाला. पहिल्या रात्री म्हणाला, "पप्पा, डोंगल कुठं खोचलाय?" हब म्हणजे छोटा कॉम्प्युटर आणि त्यात खोचलेली बोटाएवढी काडी. ती निळ्या, म्हणजे ३.० च्या यूएसबीत होती, शेजारी हार्ड डिस्क चिकटून. यूएसबी ३.० ची वायर म्हणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखर सोडते, आणि झिगबी बोलते त्याच पट्ट्यात. इंटेलनं २०१२ सालीच हे लिहून ठेवलंय. ते माझ्यापर्यंत पोचायला मिरची भिजावी लागली. राजारामपुरीतनं दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर आणली आणि काडी टीव्हीपासून लांब, खुंटीवर, आजोबांच्या फेट्याच्या जागी टांगली. सोप्यातला बल्ब पूर्वी तिसऱ्या विनंतीला पेटायचा, तो पहिल्या हुकमाला पेटला. टाकी गप्पच.

दुसऱ्या रात्री चॅनेल निघालं. वायफायसुद्धा याच पट्ट्यात दाटीवाटीनं बसलेलं असतं, तेव्हा आजूबाजूला कोण कुठं बसलंय ते मोबाईलवर बघायचं. बघितलं. सोप्यात उभं राहून सतरा वायफाय दिसली. 'नादखुळा', 'नादखुळा २', 'पासवर्ड मागू नये', 'भाडं दे आधी', आणि भर शिवाजी पेठेत कुणीतरी 'मंगळवार पेठ जगात भारी'. फुटबॉलचा सीझन सुरू असताना हे असं नाव ठेवायचं म्हणजे छातीच पाहिजे. माझा अर्धा तास तो कोण हे शोधण्यात गेला. तिकडं चिरंजीव फोनवर "पप्पा, नंबर सांगा, नंबर" म्हणून ओरडत होते.

नंबरांचीही गंमत आहे. वायफाय बहुतेक १, ६ नाहीतर ११ वर बसतं. झिगबीचे नंबर ११ ते २६. पण झिगबीचा ११ म्हणजे वायफायचा ११ नव्हे, तो येतो वायफायच्या १ खाली. आमचा राऊटर १ वर आणि हब ११ वर, म्हणजे आमचंच वायफाय आमच्याच हबच्या उरावर बसलेलं. हब २५ वर नेला, तिथं वायफायची गर्दी पोचत नाही. मात्र चॅनेल बदलल्यावर निम्म्या यंत्रांनी ओळखच टाकली. एकेकाला पुन्हा जोडायचं म्हणून मी भर दुपारी पत्र्याखाली टाचणीनं सेन्सरचं बटण दाबत बसलो. वहिनी मिरची उलथताना बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

शिवाय रविवारी ही मायक्रोवेव्हमध्ये पांढरा रस्सा गरम करायची तेवढा वेळ जिन्यातला दिवा बहिरा. मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यातला. त्यावर उपाय मलाही सुचला नाही आणि सुचला असता तरी रश्शाच्या आड कोण येणार?

तिसऱ्या रात्री चिरंजीव म्हणाले, "मधे रिपीटर पाहिजेत." हे मात्र मला लगेच कळलं. आमची आजी आजोबांना जेवायला हाक मारायची ती अशीच. परड्यातनं ती हाळी द्यायची, स्वयंपाकघरातनं आई तीच पुढं ढकलायची, माजघरातनं आत्या आणि सोप्यातनं कट्ट्यावर बसलेल्या आजोबांना शेवटची हाळी मी द्यायचो. पार कट्ट्यापर्यंत आजीचा आवाज कधीच गेला नाही, पण आजोबा कधी उपाशी राहिले नाहीत. झिगबीचं तसंच. फरक एवढाच की बॅटरीवरची मंडळी आपलं सांगून झोपी जातात, दुसऱ्याचा निरोप पुढं नेत नाहीत. निरोप नेतात ती कायम विजेवर असलेली. म्हणून दोन स्मार्ट प्लग आणले, एक माजघरात, एक जिन्यात.

दोन दिवस टाकी भरली आणि मोटर आपोआप बंद झाली. मी गल्लीत चार जणांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी वहिनींची हाक आली, "भावजीऽऽ!"

रेकॉर्ड बघितलं. रोज रात्री दहाला दोन्ही प्लग मरत होते आणि सकाळी कधीतरी आपले आपण जिवंत होत होते. तिसऱ्या दिवशी मात्र जिवंत झालेच नाहीत. वायर तपासली, व्होल्टेज तपासलं, पुण्याहून दीड तास तपासणी झाली. शेवटी आई म्हणाली, "मीच बटण बंद करतो की रोज. तांबडा दिवा उगंच जळत असतोय. सकाळी चालू करतो. आज एकादशी, देवळात गेलतो, ऱ्हायलं."

प्लग म्हणजे काय, निरोप म्हणजे काय, सगळं सांगितलं. आजीच्या हाळीचंही सांगितलं. आई म्हणाली, "व्हय, व्हय," आणि रात्री दहाला बटण बंद केलं.

या घरात आई हात लावत नाही असं एकच बटण आहे, देवघरातल्या झिरो बल्बचं. देवघर माजघराच्या मधोमध, जिन्याच्या तोंडाशी. एक प्लग तिथं लावला, त्यात देवाचा बल्ब. तेव्हापासून महिना झाला, पाण्याचा एक थेंब वहिनींच्या गच्चीवर गेलेला नाही. आई याचं श्रेय अंबाबाईला देते आणि वायरिंग बघितलं तर तिचं फारसं चुकत नाही.

परवा दिवेलागणीला चिरंजीवांना वाटलं, पुण्यात बसल्या बसल्या नवा प्लग तपासावा. मोबाईलवर त्यांनी बटण दाबलं. इकडं आई हात जोडून डोळे मिटून उभी. डोळे उघडले तर देव अंधारात.

आईनं माझ्याकडनं फोन मागून घेतला आणि नातवाला म्हणाली, "देवाचा दिवा हितंनं घालवायला घाबरतो आम्ही, आणि तू पुण्यातनं घालवतोस व्हय रं?"