माध्यमिक टप्पा आणि अठरावे वर्ष
विशेष शाळांतील सर्वच मुलांना दहावीच्या परीक्षेला बसवावे, असा आग्रह माझ्या वाचनात आलेल्या एका लेखात धरलेला आहे. ज्यांना ती झेपते त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहेच. तेथे विषय निवडता येतात आणि ५ वर्षांच्या मुदतीत एकेक करून उत्तीर्ण होता येते. परंतु मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या आमच्या १६ वर्षांच्या मुलीचा माध्यमिक अभ्यासक्रम वेगळाच ठरला: ऐरोलीहून ठाण्याला जाणारी लोकल ओळखणे, तिकिटाचे पैसे मोजून देणे आणि गाडी चुकल्यास न घाबरता बाकावर बसून राहणे. या शेवटच्या गोष्टीला आठ महिने लागले. (गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नसतो.) दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात पसंतीनुसार जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मात्र संथ गतीने शिकणाऱ्यांना जेव्हा कुठे जमू लागते, नेमका तेव्हाच हा हक्क संपतो. म्हणून व्यवसायपूर्व प्रशिक्षण चौदाव्या वर्षीच सुरू करावे आणि ते पणत्या रंगवण्यापुरते न ठेवता प्रत्यक्ष दुकानात किंवा उपाहारगृहात द्यावे, असे माझे मत आहे.