औषध पखालीलाच द्या

तुमच्या टीममधले लोक थकलेत, चिडचिडे झालेत, परवा तर कुणीतरी मीटिंगमध्येच रडलं आणि ही बातमी वरपर्यंत गेली. म्हणजे आता तुम्हाला काहीतरी करणं भाग आहे. घाबरू नका. काहीतरी करणं आणि काही बदलणं यात बरंच अंतर असतं. कर्मचारी-कल्याणाचा सगळा कारभार त्या अंतरातच चालतो.

आधी पथ्य. काम किती आहे, ते करायला माणसं किती आहेत, आणि ते कसं नि कधी करायचं हे ठरवतं कोण, या तीन गोष्टींना हात लावायचा नाही. एवढं सांभाळलंत की बाकी मोकळं रान. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा टोमणा लोक मारतात. आपल्याकडे ती कार्यपद्धती आहे. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या गृहस्थांनी १९७९ मध्येच मांडून ठेवलंय की माणूस नुसत्या जास्त कामाने पिचत नाही. काम डोक्यावरून वाहतंय आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, या जोडीने पिचतो. असले कागद ऑफिसच्या प्रिंटरवर छापू देऊ नका.

सुरुवात वेबिनारने करा. विषय ‘ताणाशी मैत्री’, वेळ दुपारी एक ते दोन. त्यामुळे कामाचा वेळ वाया जात नाही, जेवणाचा जातो. हजेरी ऐच्छिक ठेवा आणि न आलेल्यांची यादी त्यांच्या मॅनेजरला पाठवा. कॅमेरा मात्र सगळ्यांचा चालू हवा. वक्त्या सांगतील, डोळे मिटा, चार आकडे मोजत श्वास आत घ्या. स्क्रीनवरचे सगळे चेहरे आज्ञाधारकपणे डोळे मिटतील. खालच्या रांगेतल्या एकाचे खांदे तेवढे हलत राहतील. तो म्यूटवर टाइप करतोय. दोन वाजता जो रिपोर्ट द्यायचाय, तो तुम्हीच मागवलाय.

यावर एखादा शहाणा अभ्यास घेऊन येईल. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. माइंडफुलनेस, मनःशांतीची अ‍ॅप्स, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग वगैरे घेतलेले आणि न घेतलेले, यांच्या मनःस्थितीत त्यांना म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. नाउमेद होऊ नका. अ‍ॅपने लोकांना बरं करावं अशी अपेक्षा होतीच कुणाची? वार्षिक अहवालात त्याचा फोटो चांगला येतो. त्या अभ्यासात थोडा फायदा दिसला तो स्वयंसेवी कामाचा. तेव्हा स्वयंसेवा सक्तीची करा आणि सुट्टीच्या दिवशी ठेवा.

आता सर्व्हे. हा प्रकार मला मनापासून आवडतो. ‘तुमची ओळख पूर्णपणे गुप्त राहील’ हे वर ठळक अक्षरांत, आणि खाली विभाग, पद, वयोगट, लिंग, कंपनीत किती वर्षं. विभागात माणसं चार, त्यात बाई एकच. ती प्रत्येक प्रश्नाला ‘समाधानी’ वर टिक करेल आणि तुमचा समाधानाचा आलेख वर जाईल. तरी खरं लिहिणारा एखादा निघतोच. शेवटच्या मोकळ्या रकान्यात तो लिहितो, ‘दोघं सोडून गेले, त्यांच्या जागा अजून भरल्या नाहीत.’ एचआरकडून वरच्यांकडे जाईपर्यंत या वाक्याची स्लाइड होते. मथळा, ‘अधिक संवादाची अपेक्षा’. उपाय, दर सोमवारी आणखी एक मीटिंग.

अर्धं वाक्य उचलायची कलाही अंगी बाणवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटबद्दल, म्हणजे कामाने माणूस पार पिळून निघतो त्या अवस्थेबद्दल, सांगितलं की तो वैद्यकीय आजार नाही. इथे थांबा, हेच मेलमध्ये टाका. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने तो होतो, हा पुढचा भाग कशाला? मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या म्हणण्याचंही तसंच. पैशाने समाधान मिळत नाही, हे अप्रेजलच्या वेळी हमखास कामाला येतं. पगार तुटपुंजा असला तर असमाधान मात्र नक्की वाढतं आणि समाधान येतं ते जबाबदारीतून, कौतुकातून, कामातल्या वाढीतून, असंही ते सांगून गेलेत. ते समोरच्याला माहीत नसेल अशी आशा ठेवा.

तासांचा प्रश्न तर त्याहून सोपा. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलं. गंभीर बाब आहे. ताबडतोब आयटीवाल्यांना सांगून टाइमशीटमध्ये ४५ च्या वर आकडा घेतलाच जाणार नाही अशी सोय करून घ्या. धोका संपला. रात्री साडेअकराला मेसेज टाकताना ‘घाई नाही, सवडीने बघ’ असं जरूर लिहा. सवड कुठली, हे त्याचं त्याने बघावं. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे म्हणे. त्यांचं त्यांना लखलाभ.

एवढं करूनही कुणी राजीनामा देईलच. जाताना भरायच्या फॉर्मवर तो ‘वैयक्तिक कारण’ लिहील, कारण अनुभवाचं पत्र अजून तुमच्या हातात असतं. निरोपसमारंभ ठेवा, भाषणात ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे दोनदा तरी येऊ द्या. मग त्याचं काम उरलेल्या तिघांत वाटा, तात्पुरतं. कधीपर्यंत, असं विचारलं तर भरती सुरू आहे म्हणा, आणि जागेची जाहिरात लिहायचं काम त्या तिघांपैकीच एकाला द्या.