आयात शुल्क वाढलं की तेल लगेच महाग, कमी झालं की मात्र "जुना माल"

डोकं फिरायची वेळ आलीय. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात तेल आणायला गेलं की दुकानदाराचं ठरलेलं, "वहिनी, वरनंच रेट वाढून आलाय." वरनं कमी झाला की? "वहिनी, ह्यो जुना माल हाय." मग दर चढताना हा जुना माल कुठं गेलेला असतो?

14 सप्टेंबर 2024. गणपती अजून घरात होते आणि केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून थेट 27.5 टक्के केलं. कमी शुल्कात आलेलं जवळपास 30 लाख टन तेल देशात आहे, दीडएक महिना पुरेल, तोवर दर वाढवू नका, असं सरकारनंच कंपन्यांना बजावलं होतं. ऐकतंय कोण! आमच्या दुकानात ऐन दिवाळीच्या तोंडावर पिशवी वाढली ती वाढलीच. चकल्या तळताना कढईत तेल ओतायला हात धजत नव्हता. मग 30 मे 2025 ला कच्च्या तेलावरचं शुल्क 16.5 टक्क्यांवर आणलं. पिशवीचा दर उतरला तो नावापुरता, तोही मागून मागून.

आणि पिशवीवरचं वजन बघा जरा. लिटरभर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. तेवढीच दिसणारी पिशवी उचलावी तर कुठं 850, कुठं 800 ग्रॅम, तेही बारीक अक्षरात, चुरगळलेल्या कडेला छापलेलं. लिटर समजून पैसे मोजायचे आणि घरी आल्यावर कळायचं. ही सरळ सरळ फसवणूक आहे.

बरं, शेतकऱ्याच्या भल्यासाठी शुल्क वाढवलं म्हणून गप्प बसावं, तर माझं माहेर हातकणंगले तालुक्यातलं, घरात सोयाबीन. त्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 4892 रुपये. दादाला बाजारात तेवढा मिळालाच नाही. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे उचलले, एक दाताखाली फोडला, "ओल हाय" म्हणाला आणि दर पाडून मोकळा झाला. पावसात भिजलेलं पीक कोरडं कुठनं आणायचं माणसानं? त्यात क्विंटलभर सोयाबीनमधनं तेल निघतं 18 किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला उठाव नसेल तर नुसतं तेल महाग करून सोयाबीनचा दर चढत नाही. हे दिल्लीतल्यांना माहीत नाही असं मी तरी मानणार नाही.

म्हणजे मी जास्तीचे पैसे मोजले आणि ते दादापर्यंत पोचलेच नाहीत. मधल्यामधी कुणाच्या घशात गेले, याचा हिशेब मागणार आहे का कुणी?

निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरनं आणतो. मग कुठल्या शुल्कात आलेला माल आहे ते पिशवीवर छापा, ठळक छापा. वजन सगळ्यांचं एकच ठेवा. आणि हमीभाव जाहीर करता तर खरेदी केंद्र काढणीच्या आधी सुरू करा, दादानं माल विकून टाकल्यावर नाही.